निंबोळीचा अर्क व डांसांच्या अळ्या
पावसाळ्याच्या आरंभीं कयाधूकांठच्या गांवांतून हिंडावें, तों कडुलिंबाखालीं निंबोळ्यांचा सडा पडलेला दिसतो. त्या चिखलांत कुजतात, आणि श्रावणांत त्याच घरचा धनी निंबाच्या तयार अर्काची बाटली बाजारांतून विकत आणतो! ऐन खुरपणींत घरचीं माणसें तापानें अंथरूण धरतात, तीही याच सुमारास.

हिंवतापाचे जंतु डांसाच्या पोटांत रोनाल्ड रॉस यांस १८९७ सालीं सिकंदराबादेस सांपडले. हिंगोलीही तेव्हां त्याच निजामी मुलखांत होती. डांसाची अळी सांचलेल्या पाण्यांत वाढते व मोठी होतांना वारंवार कात टाकते. निंबोळींतील आझाडिरॅक्टिन हें द्रव्य नेमकी हीच क्रिया बिघडवितें. त्यामुळें अळी तत्काळ मरत नाहीं. दुसरे दिवशीं ती वळवळतांना पाहून उपाय फसला असें मानूं नये.

कृति कपाशी-तुरीच्या फवारणीचीच. पांच किलो निंबोळीची भरड थोड्या पाण्यांत रात्रभर भिजवावी, सकाळीं फडक्यांतून गाळावी व पाणी घालून शंभर लिटर करावें. फवारून उरलेला अर्क सांडपाण्याच्या खड्ड्यांत व तुंबलेल्या गटारांत ओतावा. उन्हानें त्याचा गुण लवकर जातो. म्हणून तो ताजाच, सायंकाळीं वापरावा व आठवड्यानें पुन्हां टाकावा. मोठ्या डबक्यांत तो पातळ होऊन वायां जातो.

पिण्याच्या रांजणांत किंवा गुरांच्या हौदांत मात्र अर्क कदापि टाकूं नये. डेंग्यूचा डांस असल्याच स्वच्छ पाण्यांत वाढतो. तेथें दर आठवड्यास भांडें रिकामें करून, घांसून कोरडें करणें हाच उपाय. अर्कानें त्याची उणीव भरून निघत नाहीं. गप्पी मासे सोडलेल्या पाण्यांतही अर्क नको.

निंब व हळद यांच्या जंतुनाशक गुणाविषयीं आमच्या वसमतेकडील हळदकऱ्यांस निराळें सांगावयास नको. जखम भरण्यासाठीं हळद वापरण्यावर अमेरिकेंत १९९५ सालीं दिलेलें पेटंट भारतानें, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकारानें, १९९७ सालीं रद्द करविलें. परंतु कांचनळींत जंतु मरणें निराळें व माणसाचा ताप उतरणें निराळें. ताप आल्यास काढ्यावर दिवस न घालवितां रक्त तपासून घ्यावें. लहान मुलांस निंबाचें तेल पोटांत देण्याची चाल तर घातक आहे. त्यानें मुलें दगावलीं आहेत.

निंबोळ्या पिकूं लागतांच मुलांकरवीं वेंचवाव्या, गर धुऊन सावलींत वाळवाव्या आणि हवेशीर पोत्यांत भरून कोरड्या जागीं ठेवाव्या. बुरशी लागलेल्या तेवढ्या टाकून द्याव्या.