टायमिंग बेल्ट घरी बदलताय? आधी खुणा जुळवा

मोटारीच्या इंजिनाला एका बाजूने चिकटून, प्लास्टिकच्या झाकणाआड रबराचा एक दातेरी पट्टा फिरत असतो. बॉनेट उघडले तरी तो दिसत नाही आणि तुटण्यापूर्वी बहुधा कसली सूचनाही देत नाही. ‘टायमिंग बेल्ट’ म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा धावत्या गाडीत तुटला, तर अनेक इंजिनांत क्षणार्धात झडपा वाकतात आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मजुरी वाचवण्यासाठी, क्वचित निव्वळ हौसेपोटी, हे काम घरी करणारे वाहनमालक आहेत. त्यात ताकदीचा भाग थोडा, शिस्तीचा अधिक.

पिस्टनमुळे फिरणारा क्रँकशाफ्ट आणि झडपा उघडणारा कॅमशाफ्ट यांना हा पट्टा जोडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते आणि मिटते. ज्या इंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात, तेथे दोघांची टक्कर टाळण्याचे काम केवळ या पट्ट्याचे असते.

सर्वप्रथम आपल्या गाडीत बेल्ट आहे की साखळी, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. मारुती ८००, जुनी सँट्रो, इंडिका डिझेल, १.५ लिटर डिझेलची डस्टर या गाड्यांत बेल्ट आहे; मारुतीच्या के-मालिकेतील इंजिनांत व १.३ लिटरच्या डिझेल इंजिनात साखळी. काही इंजिनांत, उदाहरणार्थ एक लिटरच्या इकोस्पोर्टमध्ये, बेल्ट तेलात भिजलेलाच फिरतो. त्याच्या वाटेला घरी जाऊ नये.

बेल्ट कधी बदलावा, याचे उत्तर कंपनीगणिक वेगळे आहे. साधारणतः साठ हजार ते एक लाख किलोमीटर, किंवा ठरावीक वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. गाडी फारशी फिरत नसली तरी रबर जुने होतेच, हे विसरले जाते. पहिल्या पिढीच्या डिझेल इनोव्हात त्यासाठी डॅशबोर्डवर स्वतंत्र दिवा होता. बहुतेक गाड्यांत तशी सोय नाही.

कामाला सपाट जागा आणि अख्खा दिवस हवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये परवानगी मिळते का, हेही आधी विचारलेले बरे. इंजिन पूर्ण थंड असावे, बॅटरीची जोडणी काढलेली असावी आणि उचललेली गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. अनेक गाड्यांत बेल्टपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिनाचा एक माउंट सोडवावा लागतो. तेव्हा इंजिनाला खालून लाकडी ठोकळा व जॅकचा आधार द्यावा. क्रँक पुलीचा बोल्ट अतिशय घट्ट असतो. तो सैल करण्यासाठी पान्याला लोखंडी नळी लावून स्टार्टर मारण्याची युक्ती काही जण सांगतात. ती हात मोडणारी आहे.

खरी परीक्षा पुढे आहे. जुना बेल्ट काढण्यापूर्वी इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवून पहिला पिस्टन वरच्या टोकाला आणावा. पुलींवरील खुणा इंजिनावरील खुणांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. काही डिझेल इंजिनांत इंधनपंपाची तिसरी खूणही असते, तर काहींत खुणांऐवजी शाफ्ट जखडणाऱ्या खास पिना लागतात. त्या नसतील तर काम सुरूच करू नये. खुणांचे छायाचित्र काढून ठेवावे. बेल्ट निघताच झडपांच्या स्प्रिंगच्या दाबाने कॅमशाफ्ट एखादा दाता सरकू शकतो, त्यामुळे नवा बेल्ट चढवण्याआधी खुणा पुन्हा पाहाव्यात. बेल्ट क्रँकपासून चढवत, टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवून कॅमपर्यंत न्यावा. उरलेला ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला यावा. तो बेल्ट दुमडू नये, स्क्रूड्रायव्हरने रेटूही नये. आतील तंतू मोडले तर बाहेरून दिसत नाहीत.

टेन्शनर पुस्तिकेनुसार बसवल्यावर स्पार्क प्लग काढून क्रँकशाफ्ट पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवावा. दोनच का? एका फेऱ्यात कॅम अर्धाच फिरतो. त्याची खूण दुसऱ्या फेऱ्याअखेर जागेवर परतते. मध्येच पाना अडला तर जोर लावू नये, कारण आत झडप पिस्टनला टेकलेली असण्याची शक्यता असते. बेल्ट काढून पुन्हा सुरुवात करावी. एका दात्याची चूकही इंजिन अडखळत चालण्यास पुरेशी ठरते. खुणा जुळल्याशिवाय किल्लीला हात लावू नये.

टेन्शनर व आयडलरची बेअरिंग आणि, बेल्टवरच चालत असेल तर, पाण्याचा पंप त्याच वेळी बदलावा. पंप महिन्याभराने गळू लागला, तर हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. क्रँक वा कॅमच्या सीलमधून तेल झिरपत असेल, तर तेही आधी थांबवावे. तेलाने बेल्टचे रबर फुगते. सुटे भाग अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत, कारण बाजारात बनावट बेल्टची पाकिटे अस्सलसारखीच दिसतात. काम संपल्यावर तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी झाकणावर चिकटवावी. गाडी विकली गेली, तर पुढच्या मालकाला तोच एक पुरावा असतो.