Explainer : नोकरीविना गेलेली वर्षे पुढच्या पगारातून कशी कापली जातात?

हिंगोली, सेनगाव, कळमनुरीत पदवीनंतरची दोन-तीन वर्षे पोलिस भरतीच्या मैदानावर नाहीतर अभ्यासिकेत जाणे नेहमीचेच. घरचे म्हणतात, एकदा नोकरी लागली की सगळे भरून निघेल. खरेच निघते का?

ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या पुरुषांचा पॉल ग्रेग आणि एमा टोमिनी यांनी अभ्यास केला. तरुणपणी बेकार राहिलेल्यांचा पगार वयाच्या ४२व्या वर्षीही १३ ते २१ टक्के कमी होता. पुन्हा बेकारी वाट्याला न आलेल्यांत ही घट ९ ते ११ टक्के.

कारण साधे आहे. उशिरा लागलेला माणूस मिळेल तो पगार घेतो. पुढची कंपनी 'आत्ता किती मिळतात?' विचारून त्यावरच वाढ देते. सरकारी नोकरीत वेतनश्रेणी ठरलेली, तिथे नुकसान सेवेच्या वर्षांचे. अर्थात, वसमतला घरच्या हळदीत राबणारा पोरगा बेकारांत मोजला जातोच असे नाही.

राज्याच्या २०२४च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास तरुणांना ६ हजार, आयटीआय-पदविकाधारकांना ८ हजार, पदवीधरांना १० हजार रुपये महिना विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत नंतर ११ महिने झाली. कायम नोकरीची हमी त्यात नाही. अनुभवाचे प्रमाणपत्र मात्र मिळते. पुढच्या मुलाखतीत पगार ठरवताना ते आधी पुढे करा.