जुना ट्रक पीयूसीत फेल झाला? आधी त्या आकड्याचा अर्थ समजून घ्या

घरातला ट्रक बाबांचा किंवा मामांचा असतो, पण पीयूसीची मुदत संपल्याचं मोबाइलवर तुम्हीच बघता, बरोबर ना? आमच्याकडेही तसंच आहे. मामाचा 2012 चा ट्रक मागच्या वेळी फेल झाला. सेंटरवरचा माणूस म्हणाला, "थोडे जास्त द्या, करून टाकू." मामा तयारही झाला होता, कारण गाडी एक दिवस उभी राहिली तरी हप्ता चुकत नाही. मी त्याला थांबवलं आणि आधी रिपोर्ट बघितला.

टेस्टमध्ये नेमकं काय होतं?

डिझेल गाडीची टेस्ट स्मोक मीटरवर होते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून झटकन पूर्ण रेस देतात आणि सोडतात. असं काही वेळा करून सरासरी काढतात. मीटरमध्ये एका बाजूने प्रकाश सोडतात, दुसऱ्या बाजूला सेन्सर असतो. मधल्या धुराने किती प्रकाश अडवला, त्यावरून 'के' हा आकडा निघतो.

बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा 2.45, बीएस-4 ला 1.62. म्हणजे 43 सेंटीमीटर लांबीच्या धुरात साधारण 65 टक्के प्रकाश अडला, तर जुनी गाडी काठावर आहे. मामाचा आकडा होता 3.4.

धुराचा रंग काय सांगतो?

काळा: डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला, नोझल गळतंय, पंपाचं सेटिंग बिघडलंय किंवा टर्बोचा होज फाटलाय.
निळा: इंजिन ऑइल जळतंय. हे काम मोठं, फिटरला दाखवाच.
पांढरा (इंजिन गरम झाल्यावरही): डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट आत शिरतंय.

कामाचा क्रम

स्वस्तापासून सुरू करा. आधी एअर फिल्टर आणि होज. मग नोझल काढून टेस्ट बेंचवर तपासून घ्या. पंपाला हात शेवटी, आणि तोही पंपवाल्याकडूनच. टेस्टपुरता डिझेलचा स्क्रू कमी करून नंतर परत वाढवायची युक्ती करू नका. धूर परत येतो आणि डिझेलही जास्त जळतं.

टेस्टला जाताना ऑइल लेव्हल बघा आणि गाडी अर्धा तास हायवेवर चालवून न्या. थंड इंजिन जास्त धूर सोडतं, शिवाय सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी टेस्टच्या पहिल्या रेसला बाहेर पडते.

मामाच्या ट्रकचं फिल्टर बदललं, दोन नोझल दुरुस्त केली. आकडा आला 1.9. पास!

मोबाइलवर हे करा

परिवहनच्या पीयूसी पेजवर गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच अंक-अक्षरं टाकली की सर्टिफिकेट दिसतं. बीएस-4 च्या आधीच्या गाडीला ते सहा महिनेच चालतं, त्यामुळे आठ दिवस आधीचा रिमाइंडर लावून ठेवा. प्रदूषणाचा नियम मोडल्यास दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

आणि ते "थोडे जास्त द्या"? त्याने कागद मिळतो, पण गळणारं नोझल तसंच राहतं. त्याचं डिझेल रोज आपल्याच खिशातून जातं, आणि धूर सगळ्यात आधी ट्रकजवळ उभ्या असणाऱ्या मामाच्याच छातीत जातो.