चाकांचं गाऱ्हाणं

जठारपेठेतून गाडी काढून अमरावतीचा रस्ता धरला, की चाकांचं बोलणं नीट ऐकू येतं. याच अकोला-अमरावती मार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला होता. डांबर बदलताच घरघर बदलली, तर मी टायर हाताने चाचपतो. झिजेचे उंचवटे बोटांना लागतात. रस्ता कोणताही असो, वेगाबरोबर चढणारी घुंऽऽ मात्र बहुधा बेअरिंगची. डाव्या वळणावर ती वाढली, तर संशय उजव्या चाकावर. भार तिकडे जातो ना! फिटर जॅकवर चाक उचलून हलवतो, ढिलेपणा कळतो. घरची मंडळी म्हणतात, गाणी मोठ्याने लावा. मी आधी बंद करतो. बेअरिंग पार गेलं तर चाक निखळूही शकतं, आणि मागच्या सीटवर मुलं असतात.