रायफल नवी करू नका

इंदूरला लागून असलेली रालामंडलची टेकडी ही होळकरांची शिकारीची जागा. माथ्यावर त्यांची शिकारगाह अजून उभी आहे आणि १९८९ पासून भोवतालचे रान अभयारण्य आहे. इथे, चोरलच्या जंगलात किंवा घाट उतरून निमाडात ज्या रायफली एके काळी फिरल्या, त्यांच्यासारख्या विलायती बनावटीच्या रायफली जुन्या घराण्यांमध्ये आजही वारशाने उतरतात. त्यांचे काम मात्र संपले आहे. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांची उरलीसुरली वाटही बंद झाली. आजोबांची रायफल वडिलांच्या कपाटात राहिली आणि आता नातवाच्या नावावर चढते. तो ती बाहेर काढतो तेव्हा नळीवर तांबूस ठिपके असतात, दस्त्याला चीर गेलेली असते, बोल्ट अडकत असतो. एखाद्या जाणत्या मित्राच्या ओळखीने ती नव्यासारखी करून घ्यावी, असे त्याला वाटणे साहजिक आहे. मित्राने ही मागणी नाकारावी, असे माझे मत आहे. या रायफलीत दोनच गोष्टी मोलाच्या उरल्या आहेत, तिच्यावरच्या खुणा आणि तिच्या पोलादाचे बळ. नवी करण्याच्या खटाटोपात या दोन्ही झिजतात. गंज थांबवावा, चीर सांधावी, धोका असेल तो ओळखावा, आणि तिथेच हात आवरावा.

पण हात लावण्याआधी कागद. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ शस्त्र बनवण्या-विकण्याइतकेच दुरुस्तीलाही परवाना मागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. घरच्या गॅरेजमध्ये लेथ असलेला हौशी मित्र कितीही कुशल असला तरी कायद्याच्या नजरेत तो कारागीर नव्हे. त्याला करता येण्याजोगे एक काम मात्र कायद्याने मोकळे ठेवले आहे: परवानाधारकासमक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, स्वतःकडे परवाना नसतानाही, दुरुस्तीसाठी शस्त्र नेता येते. म्हणजे मित्राने रायफल परवाना असलेल्या कारागिराकडे न्यावी, काय करायचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही ते समजावून सांगावे, आणि काम चालू असताना लक्ष ठेवावे. वारसाची बाजूही सोपी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा तो सत्तर वर्षांचा झाल्यावर अथवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, कायदेशीर वारसाला परवाना मागता येतो. तरीही "एवढी जुनी आहे, तिला कसला परवाना" हा समज हटत नाही. कायद्यात जुन्या शस्त्रांना सूट आहे हे खरे, पण ती दुरुस्ती करूनही डागता येणार नाहीत अशाच शस्त्रांना. जी रायफल दुरुस्त करू म्हणून आपण निघालो आहोत, ती दुरुस्त होऊ शकते हेच तिला परवाना लागतो याचे प्रमाण. बडवानी-खरगोनच्या बाजूला आणि सीमेपलीकडे महाराष्ट्रात चोपडा तालुक्यातल्या उमर्टीपर्यंत चोरट्या कट्ट्यांचा धंदा चालतो, पोलीस धाडी घालतात, आणि तिथले कसबी हात स्वस्तात काम करून देतील असे सांगणारेही भेटतात. तो रस्ता सरळ तुरुंगात जातो, एवढे सांगून पुढे जाऊ.

आता धातू. अशा रायफलीचा गंज बहुधा आतून सुरू झालेला असतो, आणि त्याचे कारण हवेपेक्षा जुन्या काडतुसांत आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या बहुतेक काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराईड होते, म्हणजे मिठाचाच एक भाऊ, आणि ते नळीभर बसते. मीठ हवेतली ओल ओढते. माळव्यातला उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळ्याचे चार महिने या कामाला पुरतात. शिकारीहून आल्यावर ज्यांनी नळीत फक्त तेलाची चिंधी फिरवली त्यांच्या रायफली आतून खाल्ल्या गेल्या, कारण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. ज्यांनी आधी उकळते पाणी ओतले आणि मग तेल लावले त्यांच्या नळ्या आजही आरशासारख्या आहेत. यात भर निवडणुकांची. आचारसंहिता लागली की शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि मालखान्यात पडलेल्या रायफलीला तेल लावायला कोण जातो? बाहेरच्या तांबड्या गंजावर मात्र एक सौम्य उपाय आहे. नळी दस्त्यापासून सोडवून उकळत्या पाण्यात बुडवून ठेवली की तांबडा गंज काळ्या, घट्ट लोहऑक्साईडमध्ये बदलतो. मग बारीक पोलादी लोकरीने तेलाचा हात देत सैल झालेला थर तेवढा झाडायचा. खालचा जुना निळसर-काळा रंग बराचसा वाचतो. ही काही नवी युक्ती नव्हे. विलायती कारखाने नळीला जो रंग देत तो मुळात असाच होई: मुद्दाम हलका गंज चढवायचा, उकळायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. उलट बफ मारून आणि गरम रसायनाच्या हौदात बुडवून दिलेला नवा काळा रंग तासाभरात चकाकतो, आणि त्या चकाकीखाली कडा गोल झालेल्या असतात, कोरलेली अक्षरे उथळ झालेली असतात. काही दुनळ्यांमध्ये तर नळ्या एकमेकींना मऊ डागाने सांधलेल्या असतात. तो डाग या गरम रसायनात खाल्ला जातो आणि नळ्या सुटतात.

उथळ झालेल्या अक्षरांचे एवढे काय, असे कोणी विचारेल. नळीच्या बुडाशी, दस्त्याखाली झाकलेल्या भागात बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या प्रूफ हाऊसचे शिक्के असतात. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ पासून हे काम करते: नेहमीपेक्षा जोरदार बार उडवून पाहायचा आणि नळी टिकली तर शिक्का मारायचा. दुनळी असेल तर सोबत कॉर्डाइट या धूरविरहित दारूचे वजन आणि गोळीचे वजन ठोकलेले असते; .४७० बोअरच्या रायफलीवर ७५ ग्रेन आणि ५०० ग्रेन. ही नळी धूरविरहित दारूसाठी तपासली होती की जुन्या काळ्या दारूसाठी, हे सांगणारा दुसरा पुरावा बहुधा घरात नसतो. पॉलिश पेपरने हा शिक्का पुसला की इतिहास जातोच, शिवाय ती रायफल किती दाब सोसेल याचा लेखी जबाबही जातो. बोअरचा आकडासुद्धा बोलतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने .४५० बोअर हिंदुस्थानात बंद केला, कारण त्याच बोअरच्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडण्याची त्याला भीती होती. मग बंदूकवाल्यांनी बंदीला वळसा घालण्यासाठी .४६५, .४७० असे शेजारचे आकडे काढले. एखाद्या नळीवरचा .४७० हा आकडा म्हणजे साम्राज्याच्या धास्तीची नोंद आहे. स्क्रूदेखील पाहावेत. चांगल्या विलायती रायफलीच्या स्क्रूंच्या खाचा केसासारख्या बारीक असतात आणि बहुतेक नळीच्या रेषेत थांबवलेल्या असतात. एखादी खाच तिरकी किंवा फाकलेली दिसली की इथे आधी कुणाचा तरी हात पडून गेला हे कळते. त्या खाचेच्या मापाचा पेचकस घासून तयार केल्याशिवाय कारागिराने स्क्रूला हात लावू नये. जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बीचे उदाहरण इथे लागू पडते. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ मध्ये ती त्यांना भेट मिळाली, दस्त्यावर तसा मजकूर कोरलेली चांदीची पट्टी आहे, आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या तिनेच मारला. २०१५ मध्ये ती रिग्बी कंपनीकडे परत गेली. दस्ता नवा, पट्टी उजळलेली, नळी पुन्हा काळी केलेली असती तर तिच्यासारखीच दुसरी कोणतीही .२७५ चालली असती.

यावर पहिला आक्षेप तंत्राच्या बाजूने येतो: रायफल हे यंत्र आहे, जे यंत्र चालत नाही ते शोभेचे, मग दुरुस्ती कसली? आक्षेपात तथ्य आहे. घोड्याची कमान, बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर ही अंगे मोकळी चालावीत, नाहीतर ओल त्यांच्यात मुरते. पण यंत्र मोकळे चालणे वेगळे आणि ते डागणे वेगळे. यशवंतराव होळकरांचा एक डोळा बंदुकीची नळी फुटूनच गेला होता, आणि हा तो माणूस जो पुढे भानपुऱ्याला भट्टीपाशी स्वतः उभा राहून तोफा ओतवत असे. अज्ञानी नक्कीच नव्हता. शंभर वर्षांच्या नळीत आत किती खड्डे आहेत, बोल्ट आणि काडतुसाच्या बुडात किती फट पडली आहे, हे गेजशिवाय कळत नाही. काडतुसांचीही अडचण आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची .३१५ ची काडतुसे इशापूरच्या रायफलीला चालतात; .३१८ वेस्टली रिचर्ड्सला किंवा .४७० ला आयातीशिवाय उपाय नाही. तेव्हा चेंबर बदलून घ्यावा, नळी बदलावी, असा सल्ला मिळतो. तो घेतला की कायद्याच्या भाषेत ते रूपांतर होते, आणि रायफलीच्या भाषेत ती दुसरीच रायफल होते. नेमबाजीची हौस असेल तर नवी रायफल घ्यावी. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधून ऑलिंपिकपर्यंत नेमबाज गेले आहेत, ते आजोबांच्या दुनळीवर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ज्या हत्याराने रान ओस पाडले ते जपायचेच कशाला, वितळवा. सरगुजा संस्थानाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ लागतात. अशा आकड्यांसमोर अभिमानाने रायफल पुसत बसणे अश्लील वाटू शकते. पण हे आकडे आपल्याला ठाऊक आहेत ते शिकाऱ्यांनी नोंदी, फोटो आणि हत्यारे जपली म्हणून. १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले, त्याची खबर फोटोसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आली, आणि देशातले शेवटचे चित्ते केव्हा आणि कुठे संपले याचा हवाला आजही तिथूनच दिला जातो. २०२२ मध्ये कुनोत चित्ते आणले गेले तेव्हा हीच नोंद पुन्हा वर आली. रायफल पुरावा असेल तर ती धुऊन-पुसून निष्पाप करणे चूक, आणि वितळवणे ही त्याच चुकीची दुसरी तऱ्हा. नातवाला लाज वाटत असेल तर ती वाटू द्यावी. दस्त्यावरचे ओरखडे तसेच ठेवावेत.

राहिला मालकाचा हक्क: वस्तू माझी, मला चकचकीत हवी, तुला काय त्याचे? हक्क त्याचा आहेच, पण दस्त्याचे लाकूड त्याचे ऐकत नाही. अक्रोडाच्या दस्त्याला मनगटापाशी जी चीर जाते ती बहुधा तेलाने कुजलेल्या लाकडातून जाते. रायफल नळी वर करून वर्षानुवर्षे उभी ठेवली की यंत्रणेतले तेल खाली झिरपते, लाकूड काळे आणि मऊ पडते. वरून पॉलिश मारल्याने ते तेल आतच कोंडले जाते. तेल खडूच्या भुकटीच्या लेपाने हळूहळू ओढून काढावे, चीर आतून चिकटवावी, वर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि रायफल यापुढे नळी खाली करून ठेवावी. हे चकाकत नाही, पण टिकते.

शेवटी एक व्यवहाराची बाब. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, आणि वारसाहक्कालाही हीच मर्यादा आहे. घरात तिसरी असेल तर बहुतेक लोक चालू .३१५ ठेवतात आणि अडगळीतली विलायती दुनळी जमा करतात. ती दुनळी संग्रहालयात जावी म्हणून प्रयत्न करायला हवा. इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेचे आणि महूला इन्फन्ट्रीचे संग्रहालय आहे, पण ती फौजी शस्त्रांची घरे आहेत. होळकरी शिकारीच्या रायफलीची खरी जागा रालामंडलची शिकारगाह. ती तिथे गेली तर सोबत एक कागद जावा: नळीवरचा क्रमांक, प्रूफचे सगळे शिक्के जसेच्या तसे काढलेले, परवान्यांच्या जुन्या नोंदी, कोणत्या वर्षी कुणी काय सांधले, कोणता स्क्रू बदलला, आणि कोणत्या खुणेला मुद्दाम हात लावला नाही.