बीदरच्या माळावर चित्ता आणायचा का?

बीदर जिल्ह्याच्या माळावर काळवीट आहेत. त्यामुळे मैलूरच्या कट्ट्यावर विषय निघतोच: मध्य प्रदेशातल्या कुनोत चित्ते आणले, मग इकडे का नाही?

नुसतं भक्ष्य असून भागत नाही. प्राणी मुळात का संपला आणि ते कारण अजून आहे का, हे आधी बघावं लागतं. माळ म्हणजे पडीक जमीन, हा समज जाईपर्यंत चित्त्याचं नावच काढू नये, असं माझं मत. शिवाय कुनोतले चित्ते आफ्रिकेचे. आशियाई चित्ता आता फक्त इराणात उरलाय. याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2013मध्ये योजना अडवली होती. 2020मध्ये प्रयोग म्हणून परवानगी मिळाली.

देशातल्या देशात प्राणी हलवणंही सोपं नाही. ताडोबाची झीनत वाघीण बघा. ओडिशातल्या सिमिलीपालचे वाघ आपसातल्याच नात्यातले. कित्येकांचे पट्टे इतके रुंद की अंग काळंच दिसतं. नवं रक्त हवं म्हणून नोव्हेंबर 2024मध्ये हिला तिथे सोडलं. बाईसाहेब झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालात! 29 डिसेंबरला बांकुड्यात बेशुद्ध करून पकडली. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून निदान माग तरी लागला.

चित्ता-वाघ आणणं आपल्या हातात नाही; परका मासा पाण्यात न सोडणं मात्र आहे. आफ्रिकन मांगूरवर देशात 2000पासून बंदी आहे. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, दिसेल ते खातो. पुरात शेततळ्यातून सुटला की मांजरा नदीत गेलाच समजा, आणि नदीला कॉलर लावता येत नाही. कुणी स्वस्तात बीज देतो म्हणाला तरी घेऊ नका, विहिरीत तर मुळीच सोडू नका.