आमसूल ताटात, गोळी नको

मराठीत आमसूल, कन्नडमध्ये मुरुगलु. सार दोन्ही घरी होते. त्याचा लाल रंग अँथोसायनिन या अँटिऑक्सिडंटचा. पण म्हणून वजन उतरते, असे नाही. त्याच्याच कुळातील उप्पागेच्या सालीतले आम्ल चरबी घटवते, असा बोलबाला आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १३५ जणांपैकी काहींना १२ आठवडे हा अर्क, तर इतरांना औषध नसलेली गोळी दिली. अर्कवाल्यांचे वजन जास्त घटले नाही. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा सार जरूर प्या. मधुमेह असल्यास साखर, रक्तदाब असल्यास मीठ आवरा. पोट मात्र बेताचे जेवण आणि रोजच्या चालण्यानेच उतरेल.